दातावर दात

सगळं थिएटर खो खो हसत होतं आणि माझी बायको तोंडावर रुमाल धरून बसली होती. पडद्यावर एका जाड्या नवरदेवाला त्याच्याच लग्नात वाढपी समजून लोक पाणी मागत होते.

"आवडला नाही?" बाहेर पडल्यावर मी विचारलं.

"बरा होता."

बरा होता! ही बाई अशी नव्हती हो. लग्न झाल्यापासून आम्ही शनिवारी दुपारचा सिनेमा बघतो आणि चालत घरी येताना ती त्याची चिरफाड करते. रहस्यपट असेल तर, "जो उठून सगळ्यांना मदत करत सुटतो तोच खुनी. एवढं त्या पोलिसांना कळू नये?" विनोदी असेल तर, "धपकन पडला यात कसला आलाय विनोद? पडूनही न पडल्याचा आव आणतो, तो विनोद." मी आपला हं हं करायचो. पण हिरड्यांच्या दुखण्यात तिचे वरचे सगळे दात काढावे लागले आणि त्यांच्याबरोबर तिची मतंही गेली.

आणि मी कोण, तर कवळ्या बनवणारा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी दात बसवून देतो. तिची कवळी तर जीव ओतून केली होती. रंग जुळवला, एकेक दात घासला, सगळे एका रेषेत. डॉक्टर म्हणाले, "तुमचं आजवरचं सगळ्यात देखणं काम." मी शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

"चावताना दुखतं का? सैल आहे? खरं सांग."

"छान बसलीय."

"मग रुमाल कशाला?"

"अहो, आरशात हसून बघितलं मी. कुणा भलत्याच बाईचं हसू आहे ते. माझे असे सरळ कुठे होते?"

मी रस्त्यातच थांबलो. तिचा पुढचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला होता. लग्न ठरताना माझ्या आत्यानं त्यावरून नाक मुरडलं होतं. मला तर आधी तोच आवडला होता. आणि नेमका तोच मी हाताच्या सवयीनं सरळ करून टाकला. माझाच मला राग आला.

नवी कवळी करायला घेतली. मेणात दात लावताना तिचा जुना फोटो समोर ठेवायला हवा होता. ठेवला नाही. गरजच नव्हती.

"हा दात चुकलाय," डॉक्टर म्हणाले.

"नाही, हा बरोबर आहे."

त्यानंतरच्या शनिवारी रहस्यपट होता. थिएटर चिडीचूप. गालिच्यावर प्रेत, त्यावर गंभीर चेहऱ्यानं वाकलेला इन्स्पेक्टर, आणि प्रेताचं पोट सावकाश वर-खाली होतंय. शेजारून आधी फिस्स आवाज आला, मग ती खदखदून हसली. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. तिचा हात तोंडाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला आणि माझ्या मनगटावर येऊन पडला.

"अहो, मेलेला श्वास घेतोय," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले. पुढचा सिनेमा मला धड दिसलाच नाही. तिनं मात्र तो शेवटपर्यंत बघितला आणि घर येईपर्यंत त्या दिग्दर्शकाची सालटी काढली. मग कुलूप उघडता उघडता विचारलं, "तुम्हाला कसा वाटला?"

"फार सुंदर होता," मी म्हटलं.

"काय डोंबल सुंदर?" ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.