लाल छपराचं घर

झऱ्यापाशी व्हॅन थांबवून ऑस्बर्न खाली उतरला आणि सवयीने मागचं दार उघडून उभा राहिला. बहीण मागच्या सीटवरून उतरली. पुढे बस म्हटलं तर तिने ऐकलं नव्हतं.

"पाहुण्यांना दाखवतोस तसंच बेट दाखव मला," यूलीने निघतानाच बजावलं होतं. "काही गाळायचं नाही."

म्हणून त्याने काळ्या वाळूचा किनारा दाखवला, पक्ष्यांचं रान दाखवलं, आणि इथे नेहमीचं वाक्य म्हटलं, "या झऱ्याचं पाणी प्यायलात, की मॉन्टसेराटला परत यावंच लागतं."

यूलीने ओंजळ भरली. "लहानपणी रोज पीत होते की."

"मग आलीस ना?"

"म्हातारी होऊन आले," ती म्हणाली आणि तोंड पुसत गाडीत जाऊन बसली.

ती नर्स व्हायला इंग्लंडला गेली, त्यानंतर ज्वालामुखीचा डोंगर फुटला. आई बंदी असलेल्या शिवारात रताळी काढायला गेली होती. ती सापडलीच नाही. ऑस्बर्नने फोनवर कळवलं, तेव्हा यूली एवढंच म्हणाली होती, "ना घर, ना थडगं. आता यायचं कुणाकडे?"

शेवटचं ठिकाण टेकडीवरचं. इथे सगळेच पर्यटक गप्प होतात. खाली राखेत बुडालेलं शहर. कुठे मनोऱ्याचं टोक, कुठे गच्चीचा कठडा. ऑस्बर्न कठड्याला टेकला आणि बोलू लागला. बाजार कुठे भरायचा, शनिवारी बोकडाच्या रश्श्याचा वास कसा धक्क्यापर्यंत जायचा. जीभ आपोआप चालत होती.

"आणि ते लाल छप्पर दिसतंय ना? ते माझ्या आईचं घर."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

यूली वळली. "आपलं घर तिथे नव्हतं, दादा. चर्चच्या मागे होतं."

"ते दिसत नाही. पार गाडलं गेलंय."

"म्हणून दुसऱ्याचं दाखवतोस? लोकांना चुकचुकायला?"

"लोकांना काहीतरी दिसावं लागतं गं."

"आईचं दुकान मांडलंयस तू."

ऑस्बर्नने टोपी काढली, आतला घाम पुसला, पुन्हा घातली. "असेल. पण त्या निमित्ताने रोज कुणीतरी मला विचारतं, आई कशी होती म्हणून. तुला तिकडे कोण विचारतं?"

यूलीने पर्सचा बंद उघडला, लावला.

"कुणी नाही," ती म्हणाली. मग हळूच, "काय सांगतोस त्यांना?"

"हेच. तापट होती, कोंबड्यांशी भांडायची. संध्याकाळी ओट्यावर गात बसायची."

"आई? आई कधी गायली? मी गायले तर ओरडायची, भोंगा बंद कर म्हणून."

"तू गेल्यावर गायला लागली."

"काय गायची?"

हे मात्र कुठल्याच पाहुण्याने विचारलं नव्हतं. ऑस्बर्नने खाकरून घसा साफ केला आणि गुणगुणायला लागला. मक्याचे दाणे सोलताना पोरी म्हणत, तसलं साधं गाणं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. यूलीचा हात कठड्यावर घट्ट होत गेला.

तो थांबला.

"पुढे?"

"पुढचं मला येत नाही. आईलाही येत नव्हतं. इथवर यायची, घोटाळायची, आणि परत पहिल्यापासून. मी म्हणायचो, आई, शिकून घे की कुणाकडून तरी. तर म्हणायची, जिचं आहे तिला येतं."

खालून वारा आला, त्यात गंधकाचा वास होता. यूली शहराकडे तोंड करून उभी राहिली. तिने एकदा ओठ उघडले, मिटले. मग कोरड्या, म्हाताऱ्या आवाजात तिसरी ओळ म्हटली, आणि चौथीही.