शेवंतीने नेलेली माती

मी एक जुनी पिओनी आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. कोबीच्या गड्ड्याएवढं भरगच्च गुलाबी फूल, घरभर सुगंध, कापून पाण्यात ठेवलं तर आठवडाभर टिकणारं, असं माझं कूळ! पण मेढ्याजवळच्या डोंगरवाडीत मला विचारतंय कोण?

१९९२ साली फौजी जालिंदरने हिमाचलातून माझा कंद ट्रंकेत घालून आणला आणि सुट्टी संपताच तो परत गेला. त्याची बायको राणी सांगलीकडच्या हळद पिकवणाऱ्या घरातली. तिने मला हळदीसारखंच लावलं, कोंब दिसताच वर मातीची भर घातली. दर वर्षी भर चढत गेली. पानं आली, फूल मात्र एकही नाही.

शेजारीच शेवंती. काय तिचा तोरा! राणी तिची फुलं वेणीत माळायची, देवाला वाहायची आणि मी मातीखाली जळत राहायचे. खोटं कशाला बोलू, तिच्यावर माव्याची कीड पडली तेव्हा मला आनंदच झाला.

चौथ्या वर्षी राणीची सासू धोंडुबाई म्हणाली, "नुसता पाला हाय ह्यो! उपट आन् तिथं शेवंती लाव."

"आवं आत्याबाई, ह्यांनी लय लांबनं आणलंय. येता एक उन्हाळा बघू," राणी म्हणाली.

एकच उन्हाळा! आणि त्याआधीच्या ऐन थंडीत शेवंतीची मुळं उघडी पडली, म्हणून राणीने माझ्यावरची सगळी माती ओढून तिच्या बुंध्याला घातली. माझं पांघरूण माझ्याच सवतीला! कंदावरचे माझे कोंबाचे डोळे गारठ्याने झोंबत होते आणि मी शेवंतीला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

फाल्गुनात मला कळी आली. ती उमलली तेव्हा जालिंदर सुट्टीवर आला होता.

"हिच्यावरची माती कुणी काढली गं?"

"मी. शेवंतीला घातली," राणी घाबरत म्हणाली.

"लय ब्येस केलंस! तिकडं हिचं डोळं वरच ठेवत्यात. थंडी खाल्ल्याबिगर ही फुलत न्हाई."

धोंडुबाईने स्वतःच्या हाताने फूल कापून पितळी तांब्यात ठेवलं. शेवंतीचे आभार मानायला मी वळले, तर तिचा बहर सरून वाळक्या काड्याच उरल्या होत्या. पहिल्यांदाच मला तिच्यापुढे माझी लाज वाटली.

मित्रांनो, झाडाला जीव लावा, पण त्याला काय मानवतं ते आधी पाहा. मायेची भरसुद्धा जास्त झाली की गुदमरायला होतं. त्या दिवशी राणीने वाळक्या शेवंतीलाही तांब्याभर पाणी घातलं. खरं सांगते, लाज वाटूनही तेवढं मात्र मला बघवलं नाही.