अव्वाचं अळणी ताट

"अव्वा, आज आमटी तोंडात धरवंना की. मिठाचा खडा चघळल्यागत लागतंय."

बिरप्पाने हे हळूच सांगितलं. गिरणीत मागावर काम करणारा हा माणूस कित्येक वर्षं जगदेवीच्या खानावळीत जेवत होता आणि त्याने वाटी बाजूला सारल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. पंगतीतले बाकीचेही खाली मान घालून कोरडी भाकरी मोडत होते. आमटीत बोट बुडवून जिभेवर ठेवायला जगदेवीचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला.

"काल अळणी हुती, आज खारट. बरं न्हाय का तुमाला?"

"बरी हाय मी. पाणी वाढवून आणते. बसा."

नवरा संगप्पा गेल्यावर गिरणीमागच्या बोळातल्या दोन खोल्यांत तिने ही खानावळ घातली होती. तिच्या वयाचे गिरणीवालेही तिला अव्वाच, म्हणजे आईच, म्हणत. भाकऱ्या थापायला विधवा नणंद अक्कम्मा होती. पण आमटी, भाजी आणि शेंगांची चटणी यांना जगदेवीने कुणाला हात लावू दिला नाही. "तुजा हात जड हाय," ती म्हणायची, आणि अक्कम्मा तव्यापुढे बसायची.

दिवाळीनंतर जगदेवीचं तोंड सकाळी सुजायला लागलं. पाऊल बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. वहाणा पायात शिरेनात, तेव्हा अक्कम्माने तिला सात रस्त्याकडच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत तिची लघवी दिव्यावर तापवली. ती नासलेल्या दुधासारखी पांढरी झाली.

"हे तुमच्या अंगातलं सत्त्व, बाई. ते वाहून जातंय. रक्त गाळणारी मूत्रपिंडं बिघडली आहेत."

"मग औषध द्या की."

"ती पूर्वीसारखी करणारं औषध नाही. आहेत तेवढी सांभाळायची." त्यांनी मीठ बंद सांगितलं. लोणचं, पापड, चटणी बंद. डाळ अगदी थोडी. भात, भाजी, जरासं दूध चालेल. "उपाशी राहू नका. पोटभर खा, पण असंच खा."

जगदेवीने हे खानावळीत कुणाला सांगितलं नाही. दुखणं कळलं तर माणसं तिच्या हातचं खायची नाहीत, ही भीती. चाखणं मात्र तिने बंद केलं. तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांचा हात आहे, अंदाज चुकणार नाही. पण तो हात नेहमी जिभेला विचारून चालला होता. एकटा तो आंधळा निघाला.

स्वतःचं जेवण तर घशाखाली उतरत नव्हतं. बिनमिठाचा भात तोंडात ओल्या कापसासारखा फिरायचा. दोन घास खाऊन ती ताट सारायची आणि भुकेल्या पोटी दुसऱ्यांच्या भाकरीवर चटणी वाढत राहायची. सुजेखाली अंग झडत चाललं होतं.

बिरप्पा बोलला त्याच आठवड्यात पाच गिऱ्हाइकं पलीकडच्या खानावळीत गेली. त्या दुपारी पंगत उठल्यावर, अक्कम्मा विहिरीवर गेलेली असताना, जगदेवीने दार लोटलं. दोन भाकऱ्या घेतल्या, चटणी घेतली, लोणच्याच्या फोडी घेतल्या आणि कुणी हिसकावून नेईल अशी भराभर खाल्ली. मग हात न धुता तशीच बसून रडली. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं. आणि तिसऱ्या.

चौथ्या दिवशी तिला आडवं होता येईना. छातीत पाणी भरल्यासारखा श्वास घुसमटत होता. अक्कम्माने टांगा पाठवून डॉक्टरांना आणलं. चटणी-लोणचं खाल्ल्याचं तिने कबूल केलं, तेव्हा जाताना ते म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी येऊन उपयोग होणार नाही."

श्वास जरा सुरळीत झाल्यावर अक्कम्माने विचारलं, "वैनी, का खाल्लं तुमी?"

"भूक लागली हुती."

"मी कायतरी करून घातलं असतं."

"तुला कुटं येतंय?"

"तुमी येऊ दिलं कवा?" अक्कम्माचा आवाज चढला नाही. "तुमी गेल्यावर मला कोण हाय? ही चूल मला पेटवता येती. तिच्यावर काय शिजवायचं, त्ये कुनी शिकवलं न्हाय."

जगदेवीने भिंतीकडे तोंड फिरवलं. पण उठता येऊ लागल्यावर ती चुलीशेजारी टेकून बसली आणि म्हणाली, "मिठाची बरणी घे. घाल. आता चाख. काय लागतंय?"

"बरोबर हाय."

"मला भिऊन सांगू नगंस. मला आता कळायचं न्हाय. तुलाच कळाय पायजे."

अक्कम्मा चुकली, परत चुकली. जगदेवीने बिरप्पाला दुखणं सांगून टाकलं आणि खरं तेच बोलायला बजावलं. तो बोलायचा, आणि अक्कम्मा पदराने कपाळ पुसत ऐकायची. गेलेल्यांतले दोघे परत आले. तिघे आले नाहीत.

एका दुपारी अक्कम्माने वेगळ्या लहान पातेल्यात वांगं भाजून कुस्करलं. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली, वर लिंबू पिळलं, आणि भाताबरोबर ते जगदेवीपुढे ठेवलं. तिने सगळा भात खाल्ला.

"कसं झालंय?"

"चव हाय. मीठ न्हाय."

"त्ये मी घालणारच न्हाय," अक्कम्मा म्हणाली.

सूज कधी उतरायची, कधी चढायची. चैत्रात डॉक्टरांनी पुन्हा नळीत लघवी तापवली. ती पांढरीच झाली. त्यांनी नळी ओतून धुतली, आणि जगदेवी वहाणा चढवून उठली.

आता पंगत बसली की ती कोपऱ्यात आपलं ताट घेऊन बसायची. एक दिवस अक्कलकोटकडून नवीनच आलेला एक जण पंगतीत होता. त्याने वाटी पुसून खाल्ली आणि चुलीकडे बघून हाक मारली, "अव्वा, आमटी वाढा की."

जगदेवीने उठायला जमिनीवर हात टेकला. मग तिच्या लक्षात आलं. अक्कम्मा पळी हातात धरून तिच्याकडेच बघत होती.

"वाढ की," जगदेवी म्हणाली. "तुलाच म्हणतोय त्यो."

अक्कम्मा पंगतीत गेली. जगदेवीने ताट जरासं भिंतीकडे ओढलं आणि उरलेला भात सावकाश कालवायला घेतला.