काच लई भारी हाय

मला गप्प बसवणारं माणूस अजून जन्माला यायचंय. नवऱ्यानं हात टेकले, सासूनं टेकले, अन् आमच्या पर्यवेक्षिका बाईंनी तर बदली मागून घेतली. सारी जिंदगी अंगणवाडीत काढली मी. लेकरांच्या गोंगाटावर आवाज चढवून गाणी म्हणायची तर नरडं तसंच लागतं, अन् रिटायर झाल्यावर ते नरडं काही सरकार परत घेत न्हाई. अशा ह्या नागुबाईला गप्प बसवलं कुणी, तर लातूरहून आलेल्या एका खिडकीनं.

खिडकी माझी न्हाई, शेजारच्या कस्तुराबाईची. तिचं घर अन् माझं घर, मधे बोळ. बोळ एवढाच की दोघींनी हात लांब केले की पिठल्याची वाटी इकडून तिकडं जाते. तिचा स्वयंपाकाचा ओटा माझ्या ओट्यासमोर. ती भोकरकडची, मी उमरीकडची. नांदेडच्या ह्या कॉलनीत आलो तवा शेजार म्हणून दोघीच होतो. तवापासून रोज सकाळी तव्यावर पहिली भाकर पडली की खिडकीतून एकमेकींची खबर घ्यायची. तिचा नवरा गेला, माझा गेला, पण खिडकी काही बंद पडली न्हाई. भांडलो बी लई. तिच्यासारखी भांडणारी बाई पंचक्रोशीत मिळायची न्हाई, तोंडावर सांगते.

मग मागच्या गल्लीत मंगल कार्यालय झालं. लग्नसराईत डीजे असा वाजायचा की मांडणीवरची भांडी नाचायची. कस्तुराचा लेक दयानंद लातूरला बँकेत साहेब हाय. आई नांदेडात एकटी, तिला तरास नको म्हणून त्यानं साऱ्या घराला नव्या खिडक्या बसवल्या. पांढऱ्या चौकटी, एकेका पल्ल्याला म्हंजे झडपेला दोन-दोन काचा, मधे कोंडलेली हवा. काचेवर टिचकी मारून मला म्हणाला, "मावशी, साउंडप्रूफ हाय! आत ढोल वाजवा, बाहेर समजायचं न्हाई."

मी म्हणाले, "बाबा, तुझ्या आईला ढोलाचा तरास हाय का माझा, ते एकदा विचारून घे."

तो हसला. मी बी हसले. तवा हसले.

पहिल्याच सकाळी मी तिला सांगून राहिले की माझी नणंद न्हाणीत पडली अन् पाय मोडला. कस्तुरा काचेमागं उभी. हसली, मान डोलावली, वर हात जोडून देवाचे आभार मानले! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला. नणंदेशी माझं पटत न्हाई हे खरं, पण म्हणून कुणी इतकं उघड खूश व्हावं?

मी हातानं खुणावलं, खिडकी उघड. तिनं हँडल फिरवून दाखवलं. हँडल गरगर फिरतंय अन् खिडकी ढिम्म हलत न्हाई.

आता योग बघा, माझा लेक आनंदराज हेच काम करतो. दोन काचांच्या खिडक्या-दारांची कुलपं, हँडलं, बिजागऱ्या. पेटी गाडीला बांधून नांदेड-लातूर करत राहतो. तो म्हणतो, खिडक्या फॉरेनच्या आल्या पण माणसं आपलीच. कुणी हँडलला भाजीची पिशवी टांगतं, कुणी कुलपात करडीचं तेल ओततं अन् वर धूळ बसली की कंपनीला शिव्या देतं. नायगावात एकानं तर दाराच्या बिजागरीत नारळ फोडला, म्हणे गच्चीवरच्या दगडापर्यंत कोण जाईल.

मी आनंदराजला पाठवलं. त्यानं हँडलचं टोपण सरकवलं, स्क्रू काढले अन् म्हणाला, "कस्तुराकाकू, मधली सळीच न्हाई. ही बोटाएवढी चौकोनी सळी हँडलपासून आतल्या कुलपापर्यंत जाते. ती नसली की हँडल नुसतं हवेत फिरतं." नवी सळी घातली, खिडकी उघडून दिली. त्याचं असं हाय की काम करताना गिऱ्हाईकाला सगळं शिकवत बसतो. माझ्यावर गेलाय.

दुसऱ्या दिवशी हँडल पुन्हा गरगर. सळी पुन्हा गायब. पोरानं पुन्हा घातली. तीही गेली.

तिसऱ्या खेपेला तो पेटी घेऊन घरी आला अन् पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी म्हणाला, "आई, सळी काय पाखरू हाय का उडून जायला? कुणीतरी काढून राहिलंय. अन् त्या घरात माणूस एकच हाय."

इतकी वर्षं जिला आतडं उघडून दाखवलं, ती बाई माझा आवाज नको म्हणून खिडकी मोडून राहिली! तोंडावर म्हणायची ना, नागे, बेजार केलंस, गप बस. मी काय गप बसले नसते, पण म्हणायची तरी. मी माझ्या खिडकीला जाड पडदा लावला. पिठलं केलं तर एकटीनंच खाल्लं. गोड लागलं न्हाई, पण खाल्लं.

शनिवारी आनंदराज म्हणाला, "उद्या दयानंददादा येऊन राहिलेत. म्हणाले, सगळं कुलूपच बदलून टाक, मी समोर उभा राहतो."

म्हणलं उद्या लेकापुढं तमाशा कशाला, जे काय भांडायचं ते आजच भांडून घेऊ. पदर खोचला अन् निघाले. तिचं पुढचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात ती पाठमोरी, भाकरी थापून राहिलेली. शेजारी कुकर.

दारातनंच सुरू केलं. "कस्तुरे! तुला माझं तोंड नको असंल तर सरळ सांग! सळ्या कशाला चोरतीस?"

ती भाकरी थापतेय.

"बहिरी झालीस काय?" असं मी म्हणाले, खरंच म्हणाले, माणूस रागात म्हणतं तसं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक. मग एकावर एक, थांबेचनात. डाळ करपल्याचा वास माझ्या नाकात आला, अन् तिचे हात त्याच चालीनं, थप थप थप. ओट्यावर मोबाइल वाजून वाजून बंद पडला. बाईनं मान वळवली न्हाई.

माझा राग पायातनं गळून गेला. मी पुढं झाले अन् गॅस बंद केला. माझा हात दिसला तशी ती अशी दचकली की भाकर हातातनं पडली. माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं म्हंजे माझ्या तोंडाकडं, ओठांकडं, टक लावून.

"कवापासून?" मी विचारलं.

"साल झालं असंल," ती म्हणाली. "हळूहळू गेलं. समोर तोंड दिसलं की भागवून नेते. तुझं तोंड तर लई मोठं हाय, तुझं सगळं कळतं."

"मग नणंदेचा पाय मोडला म्हणलं तर हात का जोडलेस?"

"पाय मोडला?" तिनं कपाळावर हात मारला. "काचेवर ऊन होतं गं. तुझं तोंड नुसतं चमकून राहिलं होतं. मला वाटलं, नणंदेला नातू झाला म्हणतीस."

हसावं का रडावं! मी पाटावर बसले. तिनं मसाल्याच्या मांडणीतला मेथीचा डबा काढून माझ्यासमोर उपडा केला. मेथीदाण्यांत आनंदराजच्या सळ्या. पहिली सळी बसवणारेच घालायला विसरले होते; पुढच्या हिनं काढल्या, अन् स्क्रू कुठले फिरवायचे ते माझ्याच शहाण्यानं शिकवलेलं.

"खिडकी उघडी असली की तू हाका मारणार," ती सांगू लागली. "माझी पाठ असली तर मी ओ देणार न्हाई. अन् रविवारी दयानंद इथंच बसून चहा पितो. त्याला कळलं तर तो मला एक दिवस इथं ठेवील का? लातूरला नेईल. सहाव्या मजल्यावर. घराला कुलूप लावील. बंद खिडकीचं बरं हाय. काच लई भारी हाय रे बाबा म्हणलं की तो खूश, मी बी सुटले."

"अन् मी? मला का न्हाई सांगितलंस?"

"तुला? तुला हळू बोलता येतं का? कानात सांगितलं असतं तर उत्तर चौकात ऐकू गेलं असतं."

नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. ऐकू येईना काच भारी, हे नवीनच. तरी मी म्हणाले, कस्तुरे, आज कुकर हाय, उद्या दुसरं काही. सांगून टाक. तर तिनं माझा हात आपल्या गळ्यावर ठेवला अन् शपथ घातली. दयानंदला एक अक्षर सांगायचं न्हाई. मी शपथ घेतली. माझ्यासाठी ती सोपी नव्हती, हे लक्षात घ्या.

रविवारी दयानंद आला. आनंदराजनं खिडकीचा पल्लाच बिजागरीतनं उतरवला अन् कुलूप काढायला अंगणात नेला. मी माझा पडदा सारून, ओठ दाबून, माझ्या खिडकीत उभी. कस्तुरा देवघरातनं आली, खाली मान घालून ओट्याशी स्टुलावर भाजी निवडायला बसली. तिच्यामागं दारात दयानंद.

"आई, बीपीच्या गोळ्या संपल्या का गं?"

ती देठं खुडतेय.

"आई?"

मी पळी हलवली. डोळे मोठे केले. मागं बघ, मागं बघ म्हणून दोन्ही हात ओवाळले. तिनं मान वर केली, माझं ते नाचणं बघितलं, अन् सवयीनं, ठणठणीत आवाजात म्हणाली, "काच लई भारी हाय बाई! काही म्हंजे काही ऐकू येत न्हाई!"

काच अंगणात होती. रिकाम्या चौकटीतनं वारा येऊन तिचा पदर उडवत होता.

कस्तुरानं पदर सावरला, चौकटीकडं बघितलं, मग हळूच हात पुढं करून काच जिथं पाहिजे तिथं चाचपलं. मागं वळली तर लेक उभा. त्याचं तोंड बघितल्यावर ओठ वाचायची गरज नव्हती.

दयानंद खाली बसला, तिच्यासमोर. "आई, मी फोनवर फोन करायचो. तू उचलायची न्हाईस. मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीस." अन् मग, जे व्हायचं तेच. "चल माझ्यासंगं. आजच."

कस्तुराचा चेहरा असा पडला की मला बघवेना. शपथ होती ती सांगायची न्हाई म्हणून. आता तर सगळं उघड झालेलं. मी तोंड सोडलं.

"दयानंद! सहाव्या मजल्यावर तुम्ही दोघं नवरा-बायको हापिसात, अन् ही भिंतींच्या तोंडाकडं बघत बसंल. तिथं कुणाचं तोंड एवढं मोठं हाय? कानाला मशीन लाव. अन् गॅस पेटवायच्या टायमाला मी हाय. सकाळी हाय, संध्याकाळी हाय. माझा आवाज तुझ्या लातूरपर्यंत येतो, मशीनपर्यंत येणार न्हाई व्हय?"

अंगणातनं आनंदराज म्हणाला, "दादा, आईपुढं काच टिकली न्हाई, तिथं तुम्ही काय टिकताय."

दयानंद हसला. डोळे पुसत हसला. मग आईच्या समोर तोंड धरून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मशीन का लातूर?"

कस्तुरानं लातूर पुरतं होऊच दिलं न्हाई. "मशीन!" म्हणाली.

मशीन आलं. शेंगदाण्याएवढं, कानामागं बसणारं. आनंदराजनं पल्ला बसवला, बिजागऱ्या घट्ट केल्या, नवं कुलूप टाकलं. सळी मात्र मेथीच्या डब्यातलीच घातली. म्हणाला, हिला ह्या घराची सवय झालीय.

दुसऱ्या सकाळी ऊन अजून बोळात उतरलं नव्हतं. पहिली भाकर तव्यावर पडली अन् समोर हँडल खट्कन फिरलं. खिडकी उघडली. मी दम घेऊन, कमरेवर हात ठेवून, साऱ्या दिवसांचं साचलेलं एका हाकेत दिलं. "कस्तुरेऽऽ!"

तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. "अगं हळू! बहिरी हाय का मी?"

मी काय ऐकते! सुरूच झाले. सळ्या काढल्या, नणंदेला हसलीस, पिठलं एकटीनं खायला लावलंस. तिनं शांतपणे खिडकी ओढली, हँडल फिरवलं, अन् दोन काचांमागं उभी राहून कानाकडं बोट केलं. ऐकू येत न्हाई म्हणे!

आता खरंच येत नव्हतं. म्हणलं बरं हाय, काच हाय मधे, ह्या घडीला जे तोंडावर म्हणता येत न्हाई ते म्हणून घेऊ. आवाज न चढवता, जन्मात पहिल्यांदा, मी म्हणाले, "तू लातूरला गेली असतीस ना कस्तुरे, तर मी मेले असते गं."

तिनं हँडल फिरवलं. खिडकी उघडली. अन् माझ्याकडं न बघता, भाकर उलथत म्हणाली, "न्हाई गेले ना? मग आता मरायची घाई कशाला करतीस? तुझी भाकर करपून राहिली, ती बघ आधी."