उत्तरात एक टिंब

मी एक जुना प्रश्न आहे. मित्रांनो, प्रश्नालाही वय असते हे तुम्हाला ठाऊक नसेल. मी संगणकाच्या पडद्यावर राहतो. माझ्याखाली एक रिकामा चौकोन आहे. एवढेच माझे घर.

लोकांनी साठवलेले पैसे कुठे ठेवावेत, हे सांगणारी माणसे असतात. त्यांना सल्लागार म्हणतात. सल्ला देण्याआधी त्यांनी समोरच्या माणसाला नीट विचारले पाहिजे, असा नियम आहे. विचारले की नाही हे पुढे कुणालाही तपासता यावे, म्हणून उत्तरे संगणकात लिहून ठेवावी लागतात. माझा जन्म त्यासाठीच झाला.

सुरुवातीला तिथे माझ्यासकट सेहेचाळीस प्रश्न होते. प्रत्येकापुढे खूण करायला बारीकशी चौकट. सल्लागार वरून खाली भराभर खुणा करीत जात. वाचत कुणीच नसे. पडद्यावर काय कुठे असावे हे ठरवणारी एक ताई होती. ती तीन दिवस एका सल्लागाराच्या खोलीत, फायलींच्या कपाटाला टेकून, स्टुलावर बसून हे पाहत राहिली. चौथ्या दिवशी तिने एकोणचाळीस प्रश्न काढून टाकले. उरलेल्या सातांत मी होतो. पण तेव्हा माझे रूप वेगळे होते. नियम सांभाळणाऱ्या काकांनी मला असे लिहिले होते: ‘गुंतवणुकीचा अपेक्षित कालावधी व तरलतेची आवश्यकता नमूद करावी.’

“काका, हे तुमच्या सासूबाईंना विचारून बघा,” ताई म्हणाली.

“त्या मला जेवायला वाढायच्या नाहीत.”

“मग?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बरं बाई, तूच सांग.”

ताईने लिहिले, ‘हे पैसे तुम्हाला कधी लागतील?’ पाच शब्द. तिने दोन गोष्टी ठरवल्या. उत्तर समोरच्या माणसाच्याच शब्दांत लिहायचे. आणि माझा चौकोन रिकामा असेल, तर पुढचे पान उघडायचे नाही.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. सल्लागार पडदा समोरच्या माणसाकडे वळवीत आणि मला मोठ्याने वाचीत. माणसे क्षणभर छताकडे बघत, मग बोलत. ‘छप्पर गळायला लागलं की.’ ‘थोरलीचं शिक्षण संपेपर्यंत हात लावणार नाही.’ ‘मी गेल्यावर धाकट्याला द्या, आधी नको, उडवील.’ मी ही उत्तरे जपून ठेवली. माझे कौतुकही झाले. दुसऱ्या कचेऱ्यांनी मला मागून नेले.

मग एका दुपारी, बाहेरच्या बाकावर नऊ माणसे खोळंबलेली असताना, शेजारच्या टेबलावरच्या बाई आमच्या सल्लागाराला म्हणाल्या, “अहो, किती लिहीत बसता! कादंबरी छापायची आहे का?”

“लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही हो.”

“एक टिंब टाका. त्यालाही ते उत्तरच समजतं.”

त्यांनी टिंब टाकले. पान उघडले.

ताईची चूक तेवढीच होती. चौकोन भरला आहे का, एवढेच तिने तपासायला लावले होते. कशाने भरला आहे, ते नाही. आणि ती तोवर दुसऱ्या कामावर गेली होती.

त्यानंतर मला टिंबेच मिळाली. पहिल्या टिंबाचे वाईट वाटले. दहाव्याचेही थोडे वाटले असेल. पुढे काही वाटेनासे झाले. पडदा उजळे, मी दिसे, टिंब येई, मी जाई. सल्लागार वाईट नव्हते, मित्रांनो. ते वृद्धांसाठी स्वतः उठून दार उघडीत. त्यांना फक्त वेळ नव्हता.

एकदा लाकडी खेळणी करणारे एक आजोबा आले. दुकान विकून आलेले पैसे त्यांना कुठेतरी नीट ठेवायचे होते. बोटांना अजून रंग होता. सल्लागार कागद जुळवीत होते, तेव्हा आजोबा म्हणाले, “हिच्या डोळ्याचं करायचंय. एक तर गेलाच आहे. दुसऱ्याचं डॉक्टर म्हणालेत, वर्षाच्या आत करून घ्या.”

“हो हो, काळजी करू नका, आजोबा. इथे सही करा.”

ते उत्तर माझे होते. त्यांनी न विचारताच ते दिले होते. सल्लागारांनी टिंब टाकले. पैसे अशा योजनेत गेले, जिथून ते पाच वर्षे निघणार नव्हते.

सात महिन्यांनी आजोबा पैसे घ्यायला आले. सल्लागारांनी नोंद उघडली. माझ्या चौकोनात टिंब होते.

“मी तर सांगितलं होतं तुम्हाला,” आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“सांगितलं होतंत, आजोबा. मीच लिहिलं नाही.”

सल्लागारांनी काकांना बोलावले. काका आता पार थकले होते. ते वाकून माझ्यापाशी आले. “चौकोन रिकामा नाही,” ते हळूच म्हणाले. “नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे.” मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “अर्ज लिहा. मी सही करतो.”

अर्ज वर गेला, परत आला, पुन्हा वर गेला. आजोबांना कुणापुढे हात पसरायची सवय नव्हती. ते वाट बघत राहिले. पैसे सुटायला आठ महिने लागले.

पैसे सुटले त्या दिवशी आजोबा आजींना घेऊन आले. आजींनी त्यांचा दंड धरला होता, आणि खुर्ची कुठे आहे ते हाताने चाचपून पाहिले. हे पैसे आता दुसरीकडे ठेवायचे होते. त्यासाठी सगळे प्रश्न नव्याने विचारणे भाग होते. सल्लागार माझ्यापाशी थांबले. त्यांनी सवयीने पडदा आजींकडे वळवला. मग तो परत आपल्याकडे घेतला आणि मला वाचले.

“आजी, हे पैसे तुम्हाला कधी लागतील?”

“आता कशाला लागतील, बाळा?” आजी म्हणाल्या.

सल्लागारांनी ते जसेच्या तसे लिहिले. बाहेर बाकावर माणसे खोळंबली होती. तरी सल्लागारांनी घाई केली नाही.

मित्रांनो, कितीतरी दिवसांनी माझ्या चौकोनात आलेले ते पहिले पूर्ण वाक्य. मला आनंद झाला का, असे विचाराल तर मला सांगता येणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती असे पडदे येतील. तुमच्यातली काही मुले माझ्यासारखे प्रश्न घडवतीलही. प्रश्न सोपा करा, थोडक्यात विचारा, हे खरेच. पण विचारल्यावर हात थांबवा आणि समोरचा माणूस काय म्हणतो ते ऐका. मला कान नाहीत. ते काम तुमचे आहे.