पुतण्याच्या कानासाठी

देवाशी बोलायला राजेश्वरीबाईंना कायम चार बायका लागत. घरात एकट्या असल्या की प्रार्थना सुचायची नाही. बुधवारी आटपाडीच्या चर्चमध्ये बायका जमल्या की मात्र जिभेला धार यायची. कुणासाठी प्रार्थना करायची, ते तिथं उठून सांगायची रीत. बाईंनी स्वतःच्या घरासाठी आजवर काही मागितलं नव्हतं. आमच्यावर प्रभूची कृपा आहे, असं म्हणून त्या दुसऱ्यांच्या घरात शिरायच्या.

त्यांचं सगळं लक्ष धाकट्या जावेकडं. पल्लवीचा गळा गोड, चर्चमध्ये पाळकसाहेब गायला तिलाच पुढं बोलावतात, सासूनं मरताना आपलं बायबल तिच्याच हातात दिलं. एवढं सगळं पोटात साचलेलं, आणि आता दोघींची पोरं लष्करात भरती व्हायला निघालेली. बाईंचा ऋषिराज थोरला. वयाच्या अटीमुळं त्याची ही शेवटची संधी. पल्लवीचा अमृत त्याच्याहून लहान. घरात पहिली वर्दी माझ्याच पोराच्या अंगावर, हे बाईंनी ठरवूनच टाकलेलं. अडचण एकच होती. दोघं एकाच विहिरीत डुंबून वाढलेले, आणि दोघांचेही कान वाहत होते.

पल्लवीनं अमृतच्या कानाचं रडतरडत जावेला सांगितलं, कारण ती भोळी. तपासणीत डॉक्टर बाद करतील, आक्का, कुणाला बोलू नका, म्हणाली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बुधवारी डोळ्याला पदर लावून उभ्या राहिल्या.

"माझ्या पुतण्याच्या कानासाठी प्रार्थना करा," त्या म्हणाल्या. "लय पू येतोय. वासबी मारतोय."

बभ्रा तर झालाच, वर चुलती किती मायाळू, असं नावही मिळालं. पल्लवी तिथंच मान खाली घालून बसली होती. आणि ऋषिराजच्या कानाचं काय? त्यात कापूस होता. कुणी विचारलंच तर सर्दी झालीय म्हणायचं.

आता गंमत बघा. बायका साध्या, त्यांना यातली खोच कळलीच नाही. त्यांनी अमृतचा कान धरला तो सोडलाच नाही. दर बुधवारी तोच कान. त्यात अंजनाबाई जन्मभर मिरजेला नर्स म्हणून राबलेल्या, नुसत्या आमेनवर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. पोराला गाडीत घालून त्या मिरजेला घेऊन गेल्या आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घेतलं. राजेश्वरीबाईंचा नुसता जळफळाट झाला, पण तक्रार करणार कुणाकडं? मागणं त्यांनीच मागितलेलं.

गाडी निघायच्या आधी ऋषिराजनं विचारून पाहिलं होतं, मीबी जाऊ का त्यांच्यासंगं? बाई अशा कडाडल्या की विचारू नका. तिच्या पोराच्या मागनं जायचं? उद्या सगळ्या गावाला कळलं म्हणजे? पोरानं कानात नवा कापूस घातला.

भरतीच्या दिवशी धावण्यात ऋषिराज सगळ्यांच्या पुढं, अमृत मागून कसाबसा रखडत पोचला. मग कान तपासले. अमृतला घेतलं, ऋषिराजला घरी पाठवलं. त्यालाच नोकरी नकोय, धंदा करायचा म्हणतोय, असं बाई सांगत फिरल्या. पोरगं तीन दिवस नीट जेवलं नव्हतं, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

अमृतची निवड झाली म्हणून पुढच्या रविवारी चर्चमध्ये देवाचे आभार मानायला उपकारस्तुती ठेवली. पल्लवीनं सगळ्यांपुढं उभं राहून साक्ष दिली. तिच्या मनात कसलंच काळंबेरं नव्हतं, तेच तर बाईंना सोसवेना. म्हणाली, मी लाजेनं झाकून ठेवणार होते, आक्कांनी तोंड उघडलं म्हणून माझ्या पोराचा कान बरा झाला. पाळकसाहेब गहिवरले. आजची प्रार्थना राजेश्वरीबाईंनीच करावी, असं म्हणाले.

बाई उठल्या. डोळे मिटले. एरवी घडाघडा येणारी वाक्यं कुठं गेली कुणास ठाऊक. सगळं चर्च माना खाली घालून वाट बघत होतं.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "माझ्या पोराचाबी कान वाहतोय."

आमेन म्हणायचं कुणाला सुचेना. अंजनाबाईंनी डोळे उघडले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"आगं राजेश्वरी, मग तवाच सांगायचं न्हाई का?" त्या म्हणाल्या. "गाडीत जागा व्हती की."