पंखाखालचं पिल्लू

टिल्लूने टीव्हीमागे हात घालून स्पीकरच्या वायरी ओढल्या आणि दोन्ही स्पीकर काकांच्या उजव्या कानाशी आणून ठेवले. डाव्या कानाने काकांना फारसं ऐकू येत नव्हतं.

"मांडीवरच ठेव की," काका म्हणाले. "जन्मभर लोकांचे आवाज रेकॉर्ड केले, त्याचं बक्षीस बघ. एक कान शिल्लक!"

ताईला हसू आलं. तिने भर दुपारचे पडदे ओढून घेतले. टिल्लू मात्र हसला नाही. सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. सहा फुटांच्या, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला टिल्लू म्हणणारी आता ताई एकटीच उरली होती.

आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता, ताई आठ. ताईला आईचा आवाज आठवायचा. त्याला नाही. घरात तिचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. आई एका डबिंग स्टुडिओत 'गर्दी' करायची. परदेशी सिनेमा इकडच्या भाषेत आणताना बाजारात, लढाईत मागून जो गलका लागतो, तो करणाऱ्या चार-पाच जणांतली ती एक. पण नेमकी कुठल्या सिनेमात, हे सांगायला कोणी नव्हतं. मग मागच्या महिन्यात ताईच्या दवाखान्यात एक म्हातारे कवळी बसवायला आले, आ वासायच्या ऐवजी तिच्या हनुवटीकडेच बघत बसले आणि म्हणाले, "तू तिची मुलगी का गं?" हेच ते रेकॉर्डिस्टकाका. आणि त्यांनी नाव घेतलं ते नेमकं त्या सिनेमाचं, ज्याच्या तिन्ही भागांच्या कॅसेट या दोघांनी लहानपणी लावून लावून झिजवल्या होत्या!

आई दुसऱ्या भागात होती. राजधानीचं फाटक पडतं आणि लोक सैरावैरा पळतात, त्या गर्दीत.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत ताईचा पार विरस झाला. ज्या बर्फाच्या कड्यावरून सिनेमातली दिवेकरी पोरगी लोंबकळायची, तो कडा चक्क थर्माकोलचा होता. कोपरा तुटलेला दिसत होता.

"अगं बाई! यासाठी मी चादरीत तोंड खुपसून बसायचे?"

"गप ना, ताई."

फाटक पडलं. लोक धावले. काका पुढे वाकले, डोळे मिटले. टिल्लूने तो तुकडा पुन्हा लावला, मग पुन्हा. कोणीतरी पोराला हाक मारत होतं, कोणी नुसतंच किंचाळत होतं. दर वेळी टिल्लू काकांच्या तोंडाकडे बघायचा.

"नाही रे," काका शेवटी म्हणाले. "ही ती नव्हे. ही दुसरीच बाई आहे, चिरका आवाज होता तिचा. फाटकाच्या दिवशी तुझी आई आलीच नव्हती वाटतं. माझंच चुकलं, बाळा. उगाच आस लावली तुला."

"असू दे हो काका," टिल्लू म्हणाला. "चहा टाकतो."

तो उठला. आवाज अगदी नेहमीचा होता, पण ठेवताना रिमोट दोनदा टेबलाच्या कडेवरून घसरला. सिनेमा तसाच पुढे चालू राहिला. पोरगी दिवा झाकून गुहेत शिरली, आणि आत ते राखाडी जनावर झोपलेलं होतं. डोंगराएवढं. त्याच्या पंखाची रबरी शिवण स्वच्छ दिसत होती. स्पीकरमधून त्याचा खोल, लांबलचक श्वास खोलीभर पसरला.

टिल्लू स्वयंपाकघराच्या दारातच थांबला.

"बघा काका, थांबला!" त्याला जरा हसवावं म्हणून ताई म्हणाली. "हा सीन असताना याला भूकंप झाला तरी हलवता यायचं नाही. म्हणे पंखाखाली पिल्लू आहे. सगळ्या भागांत कुठे दिसत नाही, पण चाळिशी आली तरी हट्ट सुटत नाही."

"आहेच. मध्ये उचकी येते बघ. एवढ्या धिप्पाड जनावराची उचकी एवढीशी असेल का?"

काका ताठ बसले.

"उचकी तुला ऐकू येते?"

"ती ऐकल्याशिवाय मी झोपायचोच नाही. बाबा रोज हाच तुकडा लावून द्यायचे."

काका त्याच्याकडे बघत राहिले.

"अरे देवा," ते म्हणाले. "मी मूर्ख गर्दीत शोधतोय तिला! या रिळाचा मूळ आवाज खराब होऊन आला होता. जनावराला श्वासच नाही. गडी माणसांना उभं केलं, तर सगळे घोरायला लागले, हसून हसून पुरेवाट. तुझी आई तुला कडेवर घेऊन आली होती. तू भोकाड पसरलंस. तिथेच माइकखाली बसून ती तुला थोपटायला लागली. माझी टेप चालूच होती. ती निम्म्या वेगाने वाजवून पाहिली, आणि जनावर झोपलं की रे! शेवटी एक उचकी राहून गेली. रडून दमलेल्या पोराची. काढवेना मला. ठेवली."

पडद्यावर ते जनावर शांत झोपलं होतं.

"वेग दुप्पट कर," काका म्हणाले. "आणि सूर धरून ठेवणारं ते बटण बंद कर. सूर चढू दे."

टिल्लू दारातून हललाच नाही. ताईने रिमोट घेतला, तुकडा मागे नेला.

पोरगी तुरुतुरु गुहेत शिरली आणि खोलीत एक बाई बोलली. किंचित घोगरा, दमलेला, साधा आवाज. "हंऽ हंऽ... झालं, झालं... झोपायचं आता... हंऽ..." मग एक छोटी उचकी.

ताईचा हात तोंडावर गेला. "आई," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. सगळं परत आलं, ओला पदर, वेणी घालतानाची बोटं, सगळं.

टिल्लू टीव्हीकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"हीच?"

"हीच रे. हीच."

त्याने पुन्हा एकदा ऐकलं, मान तिरकी करून, लक्ष देऊन. मग नव्याने ओळख करून दिलेल्या पाहुण्याला हसावं तसं कसंनुसं हसला.

"छान आहे गं आवाज," तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "आता सावकाश लाव."

ताईने वेग पहिल्यासारखा केला. तो खोल, लांब श्वास पुन्हा खोलीभर पसरला आणि टिल्लू जमिनीवर, स्पीकरला पाठ लावून बसला. त्याचे खांदे सैल झाले. डोळे मिटले.

"तुझी ती, ताई," तो म्हणाला. "माझी ही."

ताई त्याच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. उचकी आली, आणि पंख जरासा हलला. शिवण तिला या खेपेला दिसली नाही.